गरीब देशातल्या शाळांना टॅब्लेट द्यायचे की दुसरं काही?

मेघना_प
नमस्कार मंडळी. आफ्रिकेतल्या एका गरीब देशात काही प्राथमिक शाळा चालतात, त्यांच्यासाठी आमचा छोटा गट निधी जमवतोय. तिथे काम करणारी संस्था म्हणते, टॅब्लेट द्या, अख्खा अभ्यासक्रम त्यात भरून देतो. एकेका वर्गात साठ-सत्तर मुलं, वीज येऊन-जाऊन, इंटरनेट नाही. पैसे एकदाच देता येतील, म्हणून ते कपाटात पडून राहतील की काय अशी धास्ती वाटते. टॅब्लेटवर मुलं खरंच शिकतात का?

चिन्मय
बिनधास्त द्या. टांझानियाच्या टांगा भागात दीडशेहून जास्त गावांत सुमारे 2700 मुलांना टॅब्लेट दिले होते, एक्सप्राइझ नावाच्या आंतरराष्ट्रीय बक्षीस-स्पर्धेसाठी. बहुतेकांनी शाळा पाहिलेली नव्हती, नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांना स्वाहिलीतला एक शब्दही वाचता येत नव्हता. पंधरा महिन्यांनी हे प्रमाण निम्म्यावर आलं. इंटरनेट लागलं नाही, चार्जिंग सौरऊर्जेवर.

ऊर्मिला
मेघनाताई, टॅब्लेट किती आणि कसले हे शेवटी विचारा. आधी संस्थेला एवढंच विचारा: मुलाचं उत्तर चुकलं की पडद्यावर पुढे काय होतं?

मी गणिताच्या सराव-सॉफ्टवेअरसाठी प्रश्न तयार करते, त्यामुळे माझा जीव या एका गोष्टीत अडकलेला असतो. 52 वजा 27 घ्या. बरीच मुलं 35 लिहितात. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे वर-खाली न बघता प्रत्येक ठिकाणी मोठ्यातून लहान वजा केलं. अशा मुलाला ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच दाखवलं तर ते अंदाजाने आकडे दाबत बसतं. नीट बनवलेलं सॉफ्टवेअर 35 पाहिल्याबरोबर चूक कुठे आहे ते ओळखतं, पाच दशकांपैकी एक सुटं करून दाखवतं, आणि तरीही जमलं नाही तर सरळ मागच्या इयत्तेच्या दशक-एककावर घेऊन जातं. ‘अभ्यासक्रम भरून देतो’ म्हणजे पाठ्यपुस्तकाची पीडीएफ आणि व्हिडिओ असतील, तर यातलं काहीच होणार नाही.

दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरची शाळेनंतरच्या केंद्रांत चाचणी झाली, तिचा शोधनिबंध 2019 साली आला. त्यात सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे निघाली. सॉफ्टवेअरने प्रत्येकाला त्याच्या खऱ्या पातळीवरून उचललं आणि साडेचार महिन्यांत गणित नि हिंदी दोन्हींत ती मुलं बरीच पुढे गेली. पण तिथे रोज पंचेचाळीस मिनिटं संगणक आणि तेवढाच वेळ छोट्या गटाला शिकवणारा माणूसही होता. हे विसरू नका.

उलट बाजू पेरू देशाची. तिथे सरकारने आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. ग्रामीण भागातल्या 319 शाळांमध्ये मोजणी झाली तेव्हा भाषा आणि गणितात काहीही फरक दिसला नाही. यंत्रं पोहोचली, पण मुलांना शिकवण्याची पद्धत तीच राहिली. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं; एवढ्या पैशात किती वाचनवर्ग उभे राहिले असते!

चिन्मय, टांगाचं उदाहरण चांगलंच आहे. पण तिथली मुलं शाळेतच जात नव्हती, त्यामुळे टॅब्लेटने कुणाचा तास खाल्ला नाही. मेघनाताईंच्या मुलांना तास आहे, शिक्षक आहेत.

मेघना_प
ऊर्मिलाताई, संस्थेला विचारलं. टॅब्लेट गणिताच्या तासालाच वापरणार आहेत. याने फरक पडतो का?

ऊर्मिला
पडतो, आणि मोठा पडतो. गुजरातमध्ये गणिताचा एकच कार्यक्रम दोन तऱ्हांनी वापरून पाहिला होता. शिक्षकाच्या तासाऐवजी वापरला तिथे मुलं मागे पडली. शाळेनंतर जादा म्हणून वापरला तिथे पुढे गेली, त्यातही कच्ची मुलं जास्त. तेव्हा शाळा सुटल्यावरची पाऊण तासाची वेळ मागा. आणखी एक: टॅब्लेट फुटला तर भरून कोण देणार, हे लेखी ठरवून घ्या. ते ठरलं नाही की मुख्याध्यापक जबाबदारीच्या भीतीने सगळे कुलपात ठेवतात. त्यांचीही काही चूक नसते हो, पगारातून कापले जाण्याची भीती खरी असते.

जोशीकाका
टॅब्लेटचाच हट्ट का? 2020 मध्ये शाळा बंद असताना बोत्सवानात साध्या फोनवर काम झालं. नुसत्या एसएमएसने फारसं हाती लागलं नाही, पण आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं फोन करून आई-वडिलांच्या साक्षीने गणितं सोडवून घेतली, तेव्हा मुलं सुधारली.

ऊर्मिला
काका, अगदी बरोबर. त्या फोनवरचा माणूसही मूल कुठवर आलंय ते बघून पुढच्या आठवड्याचं गणित निवडायचा.

मेघनाताई, पैसे थोडेच असतील तर केनियातली किसुमूची तुलना लक्षात ठेवा. तिथे एका ठिकाणी मुलांना ई-रीडर दिले, दुसरीकडे शिक्षकांना टॅब्लेट आणि तिसरीकडे फक्त शाळांना भेटी देणाऱ्या मार्गदर्शकांना टॅब्लेट. मुलांच्या वाचनातला फायदा तिन्हीकडे साधारण सारखाच निघाला, खर्च मात्र मार्गदर्शकांना देण्यात सर्वांत कमी. मुलांच्या हातात यंत्र गेलंच पाहिजे असं नाही. संस्थेकडे शाळांना भेटी देणारी माणसं आहेत का आणि ती महिन्यातून कितीदा वर्गात बसतात, ते विचारून इथे लिहा. मग आकडे मांडून बघू.