विषय: मंडळातर्फे सिटी कौन्सिलला पत्र, लेटरहेड आज रात्रीच हवं

शुभदा लिहिते:

मंडळी,
मंगळवारच्या कौन्सिलमध्ये पोलिसांचा ए. बी. ४८१ चा, म्हणजे लष्करी सामानाबद्दलच्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याखालचा, वार्षिक अहवाल आहे. पत्र उद्या दुपारी बाराच्या आत सिटी क्लार्ककडे गेलं तरच कौन्सिलच्या सभासदांना मिळणाऱ्या बैठकीच्या कागदपत्रांत लागतं. मसुदा जोडलाय. लेटरहेडची फाइल कुणाकडे आहे? प्रशांत म्हणतो विद्याताईंकडे, विद्याताईंचा फोन लागत नाही. मागच्यासारखा फ्लायरवरचा लोगो कापून चिकटवायला लावू नका, प्लीज.

प्रशांत लिहितो:

शुभदा, लेटरहेड मिळेल, पण हे कार्यकारिणीत कधी ठरलं? मागच्या मीटिंगचं इतिवृत्त पुन्हा वाचलं. त्यात ढोल-ताशाचा सराव आहे, हॉलचं डिपॉझिट आहे, पोलिसांच्या गाडीबद्दल अवाक्षर नाही. आणि मसुद्यात तिसऱ्या परिच्छेदात 'एमरॅप लष्कराला परत करावा' असं सरळ लिहिलंयस, म्हणजे लष्कराकडून आलेली ती चिलखती गाडी. सगळ्या सभासदांच्या वतीने हे कसं जाईल? आपण ५०१ सी थ्री, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहोत, राजकारण चालत नाही. शिवाय विसर्जनाच्या मिरवणुकीला हेच पोलीस रस्ता अडवून देतात, गेल्या वर्षी ओव्हरटाइमचं बिलसुद्धा लावलं नाही. उगाच वाकड्यात कशाला शिरायचं?
– प्रशांत (सचिव)

अरविंदकाका लिहितात:

प्रशांतशी सहमत. मी गिरगावात वाढलो. २००८ साली चौपाटीवर तुकाराम ओंबळे हातात लाठी घेऊन उभे होते, समोर एके-४७. गोळ्या अंगावर घेतल्या, पण कसाबची बंदूक सोडली नाही. त्या रात्री शहरात कित्येक पोलिसांच्या हातात काय होतं? लाठ्या, नाहीतर जुन्या थ्री नॉट थ्री. हे ज्याला आठवतं तो पोलिसांची चिलखती गाडी काढून घ्या असं म्हणणार नाही. इथेही २०१५ ला सॅन बर्नार्डिनोतल्या दहशतवादी हल्ल्यात चिलखती गाडीच कामाला आली.
जाता जाता : रविवारच्या भजनाला हार्मोनियम कोण आणतंय?

मिहिर लिहितो:

काका, ओंबळ्यांबद्दल कोण काय बोलणार! पण सॅन बर्नार्डिनोतली गाडी बेअरकॅट होती, पोलिसांच्या कामासाठीच बनणारी. आपल्याकडचा एमरॅप रस्त्यात पेरलेल्या सुरुंगांपासून सैनिक वाचावेत म्हणून बनवलेला आहे. आपल्या एल कमिनो रस्त्यावर अजून तरी खड्डेच आहेत.

खरी मेख फुकटात आहे. केंद्र सरकारच्या १०३३ योजनेत लष्कराचं उरलेलं सामान पोलिसांना बिनपैशाने मिळतं, शहराने फक्त वाहतूक आणि देखभाल बघायची. खरेदीच नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कौन्सिलला न विचारता वस्तू येऊन पडायच्या. वॉशिंग्टनच्या भरवशावर राहायचं तर फर्ग्युसन गावात पोलिसांच्या गोळीने तरुण मेला, निदर्शनं झाली, त्यानंतर ओबामांनी २०१५ मध्ये ग्रेनेड लाँचर, संगिनी वगैरे बंद केलं, २०१७ ला ट्रम्पनी ते उठवलं, २०२२ ला बायडेननी पुन्हा मर्यादा घातल्या, २०२५ ला शपथविधीच्याच दिवशी त्याही गेल्या. आणि तपासणी किती कडक? २०१७ मध्ये सरकारच्याच लेखापरीक्षकांनी अस्तित्वातच नसलेलं एक केंद्रीय पोलीस खातं कागदावर उभं केलं आणि बारा लाख डॉलरचं सामान उचलून आणलं, नाइट व्हिजन गॉगल्ससकट!

४८१ काहीच बंद करत नाही. वस्तू घेण्याआधी धोरण लोकांसमोर ठेवा, कौन्सिलचं मत घ्या, दर वर्षी हिशोब द्या, एवढंच. विकत घेतलेली बेअरकॅट आणि ड्रोनही त्यात येतात.

संजीव लिहितो:

आम्ही तेव्हा कॅलिफोर्नियातल्याच डेव्हिस गावात होतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये हेच झालं. साधारण ६,८९,००० डॉलर किमतीचा एमरॅप फुकट आला म्हणून पोलीस खूश, आणि गावात गहजब. सायकलींचं गाव ते, तिथे ही गाडी! कौन्सिलने साठ दिवसांत घालवा असा ठराव केला. मग ती गेली कुठे? शेजारच्या वूडलंडच्या पोलिसांकडे. शुभदा, 'परत करा' लिहिण्याआधी याचाही विचार कर.

केतकी लिहिते:

प्रशांतदादा, ओव्हरटाइमचं बिल लागलं होतं. मिरवणूक कमिटीने भरलं. पावती माझ्याकडे आहे. दर वेळी 'पोलिसांनी फुकट केलं' असं सांगितलं की आमच्या वर्गणीचं श्रेय जातं.

शुभदा लिहिते:

बरं, 'परत करा' काढलं. आता फक्त प्रश्न आहेत : गाडी वर्षभरात कशासाठी बाहेर काढली, खर्च किती, तक्रारी किती, पुढच्या वर्षी आणखी काय घेणार. हे सगळं अहवालात असायलाच हवं असं कायदाच सांगतो. आपल्या अहवालात खर्चाचा रकाना कोरा आहे आणि वापरापुढे जवळजवळ सगळीकडे 'प्रशिक्षण' किंवा 'जनसंपर्क'. जनसंपर्क म्हणजे मंडळाच्या पिकनिकला मुलांना चढायला आणली होती तीच गाडी. टपावर बसलेला माझा धाकटा अहवालातल्या फोटोत आहे, हातात भेळेचा द्रोण. म्हणजे मंडळाचा संबंध नाही असं म्हणायची सोय राहिली नाही.

विद्याताई लिहितात:

फोन चार्जिंगला होता. लेटरहेड ड्राइव्हवर 'दिवाळी फराळ ऑर्डर' या फोल्डरमध्ये आहे, का ते विचारू नका.
प्रशांत, ५०१ सी थ्रीला उमेदवाराचा प्रचार वर्ज्य आहे. ठरावावर मर्यादेत मत मांडता येतं. लायब्ररीच्या मराठी पुस्तकांसाठी पत्र दिलं तेव्हा सही तुझीच होती. मंडळाच्या नावाने प्रश्न जाऊ देत. गाडी ठेवा किंवा घालवा, ते ज्याने त्याने आपापल्या नावाने लिहावं. अरविंदराव, तुम्हीही लिहा की.

प्रशांत लिहितो:

चालेल, पण सचिवांच्या सहीशिवाय बाहेर जायचं नाही. शुभदा, पीडीएफ आधी मला पाठव आणि 'जनसंपर्क'चं वाक्य जरा सौम्य कर, त्या पिकनिकला त्यांना बोलावलं आपणच होतं. केतकी, पावती खजिनदारांना पाठव, लिस्टवर नको.

अरविंदकाका लिहितात:

हार्मोनियमचं कुणीच बोललं नाही.