४ जुलैनंतरची तेरा वर्षं

प्रश्न (फोंडा): अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ चा, मग पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांची शपथ थेट ३० एप्रिल १७८९ ला का? मुलांना कसं समजावू?

उत्तर (म्हापसा): १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झालेल्या गोव्याला तयार प्रजासत्ताक मिळालं; अमेरिकेला ते घडवायचं होतं. ब्रिटनशी युद्ध मिटलं १७८३ च्या पॅरिस तहाने. १७८१ पासूनच्या राज्यांमधल्या पहिल्या करारात काँग्रेसला (सगळ्या राज्यांच्या मध्यवर्ती सभेला) कर बसवायचा अधिकारच नव्हता, राज्यांपुढे हात पसरायचे. दुरुस्तीला तेराही राज्यांची संमती लागे. आयातीवर ५ टक्के जकातीचा प्रस्ताव १७८२ मध्ये ऱ्होड आयलंडने फेटाळला, तिथेच अडला! सैनिकांचे पगारही थकले.

उत्तर (डिचोली): म्हणूनच १७८७ च्या संविधानाला ९ राज्यांची मंजुरी पुरेशी ठेवली. नववं न्यू हॅम्पशायर, २१ जून १७८८; त्यानंतरच वॉशिंग्टन यांची शपथ. हा नऊचा आकडा मुलांना आधी सांगा.