ओल्या ओंडक्यापासून धनुष्य: टोकं कशाने बुजवायची, किती सुकवायचं?

कच्चा_गडी:
ॲशच्या झाडाचा नुकताच तोडलेला ओंडका आहे. लांबी १९० सेंमी, व्यास १८ सेंमीच्या आसपास, धागा (लाकडाचे तंतू) सरळ, साल अजून अंगावरच. यातून १७० सेंमीचं एकसंध धनुष्य काढायचं आहे. कोणी म्हणतं टोकांना मेण लावा, कोणी ऑइल पेंट, तर कोणी सगळ्याच लाकडाला वॉर्निश फासा म्हणतं. नक्की काय लावायचं, कुठे लावायचं? आणि "इंचाला एक वर्ष" हा सुकवण्याचा हिशेब खरा आहे का?

रंधा_आणि_पटाशी:
टोकं आजच बुजवा. फोडण्याचं काम उद्यावर गेलं तरी चालेल. लाकडातलं पाणी धाग्याच्या दिशेने सगळ्यात झपाट्याने बाहेर पडतं, बाजूंच्या मानाने दहापट किंवा त्याहून जास्त. मग टोक आकसू लागतं, पण त्यामागचं लाकूड अजून फुगलेलंच असतं आणि ते टोकाला आकसू देत नाही. त्या ओढाताणीत टोक फाटतं. बुजवण्याने सुकणं थांबत नाही, पाणी फक्त बाजूंनी आणि सावकाश जातं.

सुतारकामाचा पांढरा गम सगळ्यात सोयीचा, कारण तो ओल्या लाकडालाही धरतो. न पातळ करता दोन जाड हात द्या, पहिला वाळल्यावर दुसरा. कापलेल्या तोंडावर तर द्याच, पण तिथून ५ ते ७ सेंमी बाजूंवरही ओढा. मेणही उत्तम, मात्र ते पूर्ण पातळ आणि गरम असताना लावा. कोमट मेण ओल्या लाकडावर नुसतं बसतं आणि पापुद्र्यासारखं सुटून येतं. ते उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, थेट आचेवर पेट घेतं. ऑइल पेंट ओल्या तोंडावर नीट धरत नाही. भिंतीचा पाण्यातला रंग तर वाफ अडवण्यात अगदीच कच्चा.

सगळ्या अंगाला वॉर्निश मात्र नको. पाणी आत कोंडतं, लाकूड काळं-निळं पडतं, पुढे बुरशी धरते.

टोकं बुजवली की पाचरी आणि घण घेऊन ओंडका चार फाळ्यांत फोडा. अखंड ओंडका तडकणारच, कारण लाकूड वलयांच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. गोल ओंडक्यात हा फरक जिरायला जागा नसते. फाळी झाली की जागा मिळते. शिवाय करवतीने कापताना धागा तुटू शकतो. फोडताना फट धाग्यामागेच जाते, त्यामुळे पीळ असेल तर तोही लगेच दिसतो.

पाठ_वर_पोट_खाली:
वरच्या उत्तराला एक पुरवणी. ॲश, हिकरी, एल्म, मेपल यांत सालीखालचं पहिलं वलय हीच धनुष्याची पाठ, म्हणजे ओढताना नेमबाजापासून लांब असलेली बाजू. ओल्यात साल सहज सुटते, म्हणून आत्ताच काढा, ठेवली तर तिच्याखाली किडे पोखरतात. पण हत्यार त्या वलयात घुसू देऊ नका. पाठीवरचा धागा एकदा तुटला की वाकवताना तिथूनच चोच उचलते, म्हणजे धाग्याची चिरफळी सुटून वर येते. साल निघाली की त्याच दिवशी पाठीवर चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात द्या. ओलीवर चपडा पांढुरका दिसतो, त्याने काही बिघडत नाही, शेवटी घासून जाणारच आहे. पोट (नेमबाजाकडची बाजू) आणि दोन्ही बाजू उघड्याच ठेवा, सुकण्याची वाट तीच. ऑसेज ऑरेंजमध्ये वरचं पांढरं लाकूड काढून आतल्या वलयावर पाठ आणतात. तिथे पाठ उघडी पडल्यावर काही तासांतसुद्धा भेगा येतात, त्यामुळे चपड्याचं भांडं शेजारी ठेवूनच कामाला बसायचं.

"इंचाला एक वर्ष" हा जाड फळ्यांचा अंदाज. तुम्ही फाळी ओलीच असताना रुपावर आणा: भुजा (मुठीच्या दोन्हीकडचे वाकणारे भाग) ५ सेंमी रुंद, २.५ सेंमी जाड, मूठ साडेचार सेंमी जाड. मग सरळ दांड्यावर क्लॅम्पने धरून, मध्ये चिपा घालून, सावलीत जमिनीपासून वर ठेवा. हवा खेळती हवी, पण पंख्याचा झोत आणि ऊन नको. असं केलं की महिनोन्‌महिन्यांचं काम आठवड्यांवर येतं.

तराजूवाला:
आठवडे किती हे कॅलेंडरला विचारू नका, तराजूला विचारा. भुजेच्या मधल्या भागातून निघालेली चिप घ्या, लगेच तोला, ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. समजा ७० ग्रॅमची ५० झाली: गेलं २०, कोरडं ५०, म्हणजे ओलावा ४० टक्के. (भागायचं कोरड्या वजनाने. ओल्या वजनाने भागण्याची चूक फार होते.) त्याच वेळी घडलेली फाळी १४०० ग्रॅम भरली, तर तिचं कोरडं वजन १४०० भागिले १.४, म्हणजे १००० ग्रॅम. धनुष्याला ९ टक्के ओलावा हवा, म्हणजे ती १०९० ग्रॅमवर आली की तयार. आकडा फाळीवरच पेन्सिलीने लिहून ठेवा. मधेच रंधा मारलात तर हिशेब नव्याने.

"वजन स्थिर झालं म्हणजे वाळलं" हे अर्धंच खरं. लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेतं. ५० टक्के आर्द्रतेत ते ९ टक्क्यांवर थांबतं, ८० टक्क्यांत १६ वरच थांबतं, मग कितीही महिने ठेवा. १२ च्या वर ओलावा असताना वाकवलं की पोटाचे धागे दबतात आणि प्रत्यंचा उतरवली तरी धनुष्य वाकलेलंच राहतं. ६ च्या खाली गेलं की ठिसूळ होतं.

हवा दमट असेल तर शेवटी गरम पेटी वापरा: लांब खोका, आत बल्ब, वर-खाली भोकं, ३५ ते ३८ अंश. २५ अंशांची ८० टक्के दमट हवा ३८ अंशांवर नेली की आर्द्रता ४० च्या खाली येते. ओली फाळी मात्र पेटीत घालू नका, वरचा थर आवळून आत तडे जातील. घरच्या हवेत वजन थांबलं की मगच पेटी, आणि लिहिलेला आकडा आला की बाहेर.

कच्चा_गडी:
कळलं. आणि एवढं करूनही पाठीवर भेग आलीच तर फाळी वाया?

पाठ_वर_पोट_खाली:
भेग धाग्याबरोबर भुजेच्या लांबीने जात असेल, कडेला पोचत नसेल, तर नाही. पातळ सुपरग्लू जिरवा, वाळू द्या, पुन्हा जिरवा. भेग तिरकी जाऊन कडेवर उतरत असेल तर धागाच तिथे बाहेर पडतोय. आराखडा सरकवून ती कड कापून निघते का बघा. नाही निघाली तर त्या भुजेवर जोर देऊ नका. टोकाच्या भेगांसाठी २० सेंमी जादा लांबी तुमच्याकडे आहेच, दोन्हीकडून दहा-दहा सेंमी उडवा. पण हे सगळ्यात शेवटी, सुकण्याआधी टोक छाटलंत तर गम परत लावावा लागेल.