आई रोज भेंडीचं पाणी पितेय, आता गोळी सोडायची म्हणते. सल्ला हवा

आईची_लेक
आई ६८ वर्षांची, मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. व्हॉट्सॲपवर वाचून महिनाभर रात्री दोन भेंड्या चिरून भिजत घालते आणि सकाळी ते बुळबुळीत पाणी अनशापोटी घेते. परवापासून "गोळी कशाला आता" सुरू झालंय. मला फार काळजी वाटतेय. भेंडीत खरंच एवढं काही असतं का?

आहारवाली_पूर्वा
आधी गोळी बंद होऊ देऊ नका, बाकीचं नंतर.
भेंडी गुणाची आहेच. १०० ग्रॅममध्ये जेमतेम ३३ कॅलरी, ३ ग्रॅमच्या आसपास तंतू, शिवाय क जीवनसत्त्व आणि फोलेट. तो बुळबुळीतपणा म्हणजे पाण्यात विरघळणारे तंतू. त्यांच्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. म्हणून भाजी जेवणात हवी. पाण्याचं मात्र वेगळं आहे. उंदरांवरच्या एका प्रयोगात भेंडीचं पाणी मेटफॉर्मिनसोबत दिलं, तर औषध नीट शोषलंच गेलं नाही. माणसांत तसंच होतं हे सिद्ध नाही, पण आईंवर तो प्रयोग नको. पाणी थांबवा आणि डॉक्टरांना सांगून ठेवा. घरात कुणी वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेत असेल तर त्यांनीही एकदम भरपूर भेंडी सुरू करू नये, तिच्यात के जीवनसत्त्व असतं, ते त्या गोळीचा परिणाम कमी करतं.

आईची_लेक
भाजी ती खात नाही, तार सुटते म्हणून!

परभणीकर
ताई, भेंडी अख्खी धुवा, फडक्याने कोरडी पुसा, मगच चिरा. पसरट कढईत, झाकण न ठेवता परता, मीठ शेवटी. दोन आमसुलं टाकली की तार मोडते. घेताना टोक मोडून बघा, कटकन तुटली तर कोवळी, वाकली तर जून. आमच्याकडे वडील वर्षानुवर्षं परभणी क्रांती लावायचे. आमच्या कृषी विद्यापीठाचं हे वाण १९८५ साली आलं, पानं पिवळी पाडणाऱ्या हळद्या रोगाला दाद न देणारं. त्या कोवळ्या भेंडीची ताकातली भाजी आईंना एकदा करून घाला, मागून घेतील.

आईची_लेक
आजच करते. बाबांना मागच्या वर्षी मुतखडा झाला होता, त्यांना चालेल?

आहारवाली_पूर्वा
खडा कसला होता ते रिपोर्टमध्ये बघा. ऑक्झलेटचा असेल तर रोज नको, भेंडीत ऑक्झलेट बऱ्यापैकी असतं. अधूनमधून, ताकातली करून, थोडी चालेल. पाणी मात्र भरपूर प्यायला लावा, साधं.