घोड्यांच्या हाडांवर संशोधन: आधी रेसिडेन्सी की आधी पीएचडी?

नालबंद: पशुवैद्यकीय पदवीचं शेवटचं वर्ष चालू आहे. घोड्यांच्या फ्रॅक्चरवर संशोधन करायचं नक्की आहे, पण ऑपरेशनही सोडायचं नाही. आधी काय करावं? आणि प्रयोगशाळेत हाताने नेमकं काय करावं लागतं?

चौखूर: आधी रेसिडेन्सी, म्हणजे पशुरुग्णालयातलं शस्त्रक्रियेचं विशेष प्रशिक्षण. साधारणपणे १ वर्ष इंटर्नशिप, मग किमान ३ वर्षं रेसिडेन्सी, मग बोर्डाची परीक्षा: अमेरिकेत एसीव्हीएस, युरोपात ईसीव्हीएस या पशुशल्यविशारदांच्या संस्थांची. पीएचडी त्यानंतर. वाट लांब आहे खरी, पण विचारण्याजोगे प्रश्न पेशंटजवळच सापडतात. बार्बारो या शर्यतीच्या घोड्याची केस वाचा. २००६ च्या प्रीकनेस शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. लॉकिंग प्लेट (स्क्रूची डोकी जिच्यात आट्यांनी घट्ट बसतात अशी धातूची पट्टी) आणि २७ स्क्रू घालून तो जोडला, तरी लॅमिनायटिसमुळे (खुराच्या आतल्या, हाडाला धरून ठेवणाऱ्या थरांचा दाह) जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावं लागलं. दुखऱ्या पायाचा भार घोडा दुसऱ्या पायावर टाकतो आणि त्या खुराच्या आतला रक्तपुरवठा बिघडतो. हाड जुळूनही घोडा हातचा जातो तो असा. भुलीतून उठताना धडपडून प्लेट वाकते, हा दुसरा मोठा प्रश्न. हे दोन्ही विषय अजून मोकळे आहेत.

गिरमिट: क्रम पटला. पण रेसिडेन्सीतच प्रयोगशाळेचा हात बसवून घ्या. मेलेल्या घोड्यांच्या नळीच्या हाडांवर लॅग स्क्रूपासून (मोडलेले दोन तुकडे एकमेकांवर दाबून धरणारा स्क्रू) सुरुवात करा. ४.५ मिमी स्क्रू असेल तर जवळच्या तुकड्यात ४.५ मिमीचं भोक, पलीकडच्यात ३.२ मिमीचं. मग स्क्रूच्या डोक्यासाठी खळगा, खोली मोजणं, टॅपने आटे पाडणं आणि शेवटी स्क्रू. मोठं भोक फ्रॅक्चरच्या रेषेआधीच थांबलं तर आटे दोन्ही तुकड्यांत धरतात आणि फट दाबली जात नाही. एक्स-रेवर स्क्रू मात्र छान दिसतो! घोड्याचं हाड घट्ट असतं, ड्रिलच्या खाचा चुऱ्याने भरतात. ड्रिल वारंवार बाहेर काढून पुसा आणि सलाइनची धार चालू ठेवा. ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभरात हाडाच्या पेशी मरू लागतात, मग स्क्रू ढिला होतो.

चौखूर: यात एक भर. हाडं सलाइनच्या कापडात गुंडाळून उणे २० अंशांवर ठेवा. सुकलेलं हाड जास्त ताठ आणि ठिसूळ होतं, त्यावर मोजलेली ताकद जिवंत हाडाला लागू पडत नाही. एकाच घोड्याचा डावा-उजवा पाय घेऊन दोन पद्धतींची तुलना करणं उत्तम. कुठल्या पायाला कुठली पद्धत, ते चिठ्ठीने ठरवा. पण ६ घोड्यांचे १२ पाय म्हणजे १२ स्वतंत्र नमुने नव्हेत, ६ जोड्या आहेत आणि गणितही जोड्यांचंच हवं. परीक्षक पहिलं बोट इथेच ठेवतात. शिवाय एकदाच दाबून हाड मोडण्याची चाचणी पुरेशी नाही. प्लेट बहुधा पावलागणिक पडणाऱ्या भाराने थकून तुटते, म्हणून हजारो आवर्तनांची चाचणी प्रस्तावात सुरुवातीलाच लिहा. यंत्राचा वेळ त्यावरच ठरतो.