उपरा, परका की बाहेरचा?

प्रश्न : मुंबईवर लघुकथा लिहितोय. नायक उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचा, बरीच वर्षं घाटकोपरला भाड्याने राहतो, मराठी बोलतो. पण सोसायटीला त्याची आठवण येते ती गणपतीच्या वर्गणीपुरती. त्याला उपरा म्हणू, परका की बाहेरचा? की 'परात्म'?

— 'परात्म' आधी खोडा. तो 'एलिएनेटेड'साठीचा समीक्षकांचा शब्द. कथेतल्या माणसाच्या तोंडी आला की प्रबंध सुरू झाल्यासारखं वाटतं.

'परका' म्हणजे आपला नव्हे, पण दुसरीकडे कुणाचा तरी असलेला. मुलीला 'परक्याचं धन' म्हणतात तेव्हा तिचं घर कुठेतरी आहे, हे गृहीतच असतं. उपऱ्याला तेवढंही नाही. त्याच्याच गोतातला 'उपरी' हा शब्द पेशवाईतल्या महसुली कागदांत सापडतो. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, त्याला ती विकताही येई. उपरी बाहेरून आलेला, दुसऱ्याच्या हक्काच्या गावात ठरावीक बोलीवर कसणारा. घाम दोघांचा सारखाच, गावकीत मान मात्र मिरासदाराला. तुमचा नायक अकरा महिन्यांच्या करारावर राहतो ना? मग 'उपरा'च.

— पटतं, पण जपून. लक्ष्मण माने यांच्या १९८० च्या 'उपरा' या आत्मकथनानंतर हा शब्द वाचला की मराठी वाचकाला आधी जात आणि भटकेपण आठवतं.

— 'बाहेरचा' एवढ्या घाईने सोडू नका! 'तिला बाहेरचं झालंय' म्हणजे भूतबाधा. 'बाहेर बसणं' म्हणजे पाळी. जे घरातच आहे पण शिवायचं नाही, ते आपल्याकडे 'बाहेरचं'. कमिटीच्या मीटिंगमध्ये कुणी सहज म्हणालं, 'बाहेरच्यांनी गच्चीवर यायचं नाही', की काम झालं.

— आणि 'घाटी' विसरलात? कोकणातला माणूस घाटावरच्याला घाटी म्हणतो, मुंबईतला अमराठी माणूस दोघांनाही. कमिटीतल्या एखाद्या मालवणी काकांना हे ऐकावं लागू दे, कथेला मजा येईल.

प्रश्नकर्ता : मीटिंगचं वाक्य उचललं. पण नायक स्वतःला काय म्हणेल?

— त्याच्या तोंडी मराठी शब्द शोधूच नका. त्याच्या पूर्वांचलात, म्हणजे पूर्व उत्तर प्रदेशात, कमवायला गेलेल्या नवऱ्याला गाण्यांतून 'परदेसी', 'बिदेसिया' म्हणतात. आपला चाकरमानी गणपतीला कोकणात उतरला की 'मुंबैकार' होतो, तसंच काहीसं. जौनपूरच्या फोनवर बायको त्याला परदेसी म्हणेल. तो प्रसंग लिहा, मग तुमच्या निवेदकाला एकही शब्द लागणार नाही.