एल्व्हिसमधला नट कुणी मारला?

कृष्णधवल
एल्व्हिस प्रेस्लीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: गायक थोर, सिनेमे टुकार. मला हे सरसकट मान्य नाही. १९५६ ते १९६९ या काळात त्याने ३१ कथापट केले आणि त्यातले बरेचसे टाकाऊ आहेत, हे कबूल. पण १९५८चा 'किंग क्रियोल' बघा. दिग्दर्शक मायकेल कर्टीझ, म्हणजे 'कासाब्लांका'वाला. लष्कराचं बोलावणं येऊन पडलं होतं, तरी या सिनेमासाठी मुदत वाढवून घेतली. त्यात वॉल्टर मॅथाऊ न्यू ऑर्लिन्समधला गुंड आहे. स्वतःच्या क्लबमध्ये तो या पोराला म्हणतो, गातोस ना, मग दाखव गाऊन. एल्व्हिस 'ट्रबल' गातो. आधी जवळजवळ बोलल्यासारखं, मग अंगावर धावून आल्यासारखं. गाणं चालू असतानाही पात्राचा राग सुटत नाही. हे सगळ्या गायक-नटांना जमत नाही.

लष्करातून परतल्यावर १९६० मध्ये डॉन सिगलचा 'फ्लेमिंग स्टार' केला. गाणी जेमतेम, गल्ला बेताचा. पुढच्याच वर्षी 'ब्लू हवाई' धो धो चालला आणि व्यवस्थापक कर्नल टॉम पार्करला साचा सापडला: समुद्रकिनारा, मुली, ढीगभर गाणी. नट संपला नाही, त्याला संपवलं.

रेकॉर्डवाला
साफ असहमत. ज्या 'ब्लू हवाई'ला साचा म्हणताय, त्यातूनच 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह' आलं. या सिनेमातल्या गाण्यांची एलपी अमेरिकेत २० आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. लोकांना हेच हवं होतं, त्यात पार्करचा काय गुन्हा? शिवाय एल्व्हिसने अमेरिका आणि कॅनडा सोडून कुठेही जाहीर कार्यक्रम केला नाही. बाकीच्या जगाला तो हलता-बोलता दिसला तो मुख्यतः याच 'टुकार' सिनेमांतून. ते नसते तर आपल्यासाठी तो फक्त आवाज राहिला असता.

कृष्णधवल
एका गाण्यावर किती दिवस जगणार? पुढे गाणी का घसरली ते बघा. एल्व्हिसने गाणं गायचं तर गीतकाराने आपल्या हक्कांतला वाटा सोडायचा, अशी पार्करची रीत. चांगले लोक त्यामुळे दुरावले. १९७०च्या दशकात गायिका-गीतकार डॉली पार्टनकडे 'आय विल ऑलवेज लव्ह यू'चे निम्मे प्रकाशन हक्क मागितले; तिने नकार दिला आणि ते गाणं एल्व्हिसच्या हातून गेलं. सिनेमांचंही तेच: दोन-अडीच आठवड्यांत चित्रीकरण उरकायचं, जे मिळेल ते गायचं.

मधुरा
तुम्ही दोघंही छोटा पडदा विसरताय. १९५७ च्या जानेवारीत एड सलिव्हनच्या कार्यक्रमात त्याला कमरेच्या वरच दाखवलं होतं, एवढी त्या नाचाची धास्ती. आणि डिसेंबर १९६८चा एनबीसी या अमेरिकन वाहिनीवरचा कार्यक्रम! पार्करला नाताळची गाणी हवी होती, दिग्दर्शक स्टीव्ह बाइंडर बधला नाही. काळा चामडी पोशाख, समोर हाताच्या अंतरावर बसलेले लोक, जुने साथीदार, घामाने निथळणारा चेहरा. त्याची सुरुवात कशाने झाली? 'किंग क्रियोल'मधल्या त्याच 'ट्रबल'ने. म्हणजे कॅमेऱ्याशी त्याचं वैर कधीच नव्हतं.

रेकॉर्डवाला
मधुराताई, १९६८ बद्दल दुमत नाही. पण मग प्रश्न उरतोच: बाइंडरचं ऐकून पार्करला बाजूला सारता येत होतं, तर आधी का नाही सारलं? गायिका-अभिनेत्री बार्बरा स्ट्रायसँडने 'अ स्टार इज बॉर्न'साठी विचारलं, तेव्हा हा चाळिशीचा होता. पार्करच्या अटींपायी बोलणी फिसकटली आणि १९७६ च्या त्या सिनेमात क्रिस क्रिस्टोफरसन दिसला. चाळिशीच्या माणसाला कुणी हात धरून अडवत नाही. सगळं खापर व्यवस्थापकावर फोडणं मला पटत नाही.

कृष्णधवल
हा मुद्दा वजनदार आहे, पण अर्धाच. पार्करचा वाटा पुढे पुढे निम्म्यापर्यंत गेला होता आणि घरखर्च, लवाजमा, सगळं त्याच गाड्यावर चाललेलं. नाही म्हणायला हिंमत लागते तशी शिल्लकही लागते. आणि निवड त्याला कळत होती: स्वतःच्या सिनेमांपैकी 'किंग क्रियोल'च त्याला सर्वांत आवडायचा. १९६९ मध्ये 'चारो!'त दाढी वाढवून, पडद्यावर एकही गाणं न गाता तो उभा राहिला. सिनेमा फसला, पण ती धडपड नटाची होती.